दुसरा चावा

मुलांच्या कॅन्सर वॉर्डात पोरं तिला डासमावशी म्हणत. वर रक्त काढायचं नि खाली लॅबमध्ये तेच तपासायचं, यात तिची सव्वीस वर्षं गेली. "दुखणार नाही" असली थाप तिनं कधी मारली नाही. "चावणार, पण एकदाच," म्हणायची आणि खरंच एकदाच चावायची. त्याचा तिला भारी तोरा.

त्या सकाळी सात वर्षांच्या पोरीची शीर सुईखालून निसटली. पोरीच्या मानेत गाठी, लिम्फोमा. सुई काढून दुसरीकडे टोचायला हवं होतं, पण तोरा आडवा आला. मावशीनं आतल्या आत सुई चाळवली, दट्ट्या जोरानं ओढला आणि नळी भरली.

लॅबमध्ये नळी यंत्रात घालून गरगर फिरवली. रक्त खाली बसून वर येणारं पाणी एरवी पिवळसर निघायचं, ते निघालं गुलाबी. ओढाताणीत रक्तातल्या पेशी फुटल्याची ती खूण. मशीननं एलडीएचचा आकडा दिला, तो चांगलाच चढलेला. या आकड्यावरून दुखण्याचा जोर कळतो. ठरल्या रेषेच्या वर गेला की पोरगी जड औषधांच्या गटात. पण पेशी अशा फुटल्या तरी तो असाच चढतो.

डॉक्टर दारातच उभे. "आकडा द्या. बाराच्या बैठकीत गट ठरवायचाय."

"नाही देत. हे रक्त नासलंय."

"मशीन खोटं बोलतं?"

"मशीन बिचारं खरंच बोलतंय. नासकं रक्त आपण पाजलं त्याला."

लॅबचे साहेब मध्ये पडले. "खाली शेरा मारा, सही करा, मोकळ्या व्हा."

"शेरा कोण वाचतो, साहेब? पोरगी उलट्या करून आडवी पडेल ती आकड्यापायी."

"काढलं कुणी हे?" डॉक्टर तापले. नव्या नर्सवर खापर फोडायची त्यांची तयारी झालीच होती.

"मी."

मावशीनं ती गुलाबी नळी दोघांपुढं धरली.

"आता नोटीस द्या नाहीतर हार घाला. यावर माझी सही होणार नाही."

वर पोरगी पांघरुणात शिरलेली. "एकदाच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. सकाळचं मी नासवलं. चूक माझी."

"मग कान धर."

सगळ्या वॉर्डासमोर मावशीनं दोन्ही कान धरले. तेव्हा कुठं पांघरुणातून एक हात बाहेर आला.

या वेळी तिनं दट्ट्याला घाई केली नाही. नळी मुठीत सरळ धरून ती जिन्यानं खाली आली. पाणी पिवळं निघालं. आकडा नेहमीपेक्षा वरच होता, पण रेषेच्या खाली. तिनं सही ठोकली.

कागद घेताना डॉक्टरांनी विचारलं, "आणि हाही वर गेला असता तर?"

"तरी सही केली असती. तो तिचा असता. सकाळचा माझा होता."

त्यानंतर पोरांनी विचारलं की ती एवढंच म्हणते, "चावणार. कितीदा, ते शीर ठरवेल."