गप बसलं की झालं

पेणहून आलेली एसटी अष्टमीत थांबली आणि पुलाच्या तोंडाशी लावलेल्या बॅनरवर प्रणिताला स्वतःचाच चेहरा दिसला.

बॅनर तिच्या गावचा होता. ‘तळकोंड ग्रामपंचायत बिनविरोध! सरपंचपदी निवड झाल्याबद्दल सौ. मालू जितेश यांचे हार्दिक अभिनंदन.’ मधोमध गावचे पुढारी महिपतशेठ हात जोडून उभे होते. अर्धं कापड त्यांनीच व्यापलेलं. त्यांच्या खांद्याशी काळा चष्मा लावलेला मालूचा नवरा जितेश. सरपंच झालेली मालू खालच्या कोपऱ्यात एका गोलात, डोक्यावर पदर घेऊन, आधार कार्डावरून उचलल्यासारखी. आणि सगळ्यात खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, दोन मिशाळ पुरुषांच्या मध्ये प्रणिता. बी.ए.ला कॉलेजात पहिली आली म्हणून गावाने सत्कार केला होता, तेव्हाचा फोटो. हातातला गुच्छ अर्धा कापलेला.

निवडणूक झालीच नव्हती. सरपंचपद यंदा बायकांसाठी राखीव होतं आणि अर्ज दोन होते, एक मालूचा, दुसरा प्रणिताचा. मागे घ्यायची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत होती. प्रणिताने अर्ज मागे घेतला नव्हता. घेईन असं कोणाला म्हटलंही नव्हतं.

“ताई, अभिनंदन हां,” समोरचा मोबाईलवाला दुकानातून ओरडला. “फोटो झकास आलाय.”

तिने पूल चालतच ओलांडला. खाली कुंडलिका ओहोटीला लागली होती, काठाचा चिखल उघडा पडला होता, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट ठणकत होती. विरोधात उभी राहिले तर मला शिव्या देतील, एवढी तिची तयारी होती. हे मला शुभेच्छा द्यायला लावतील, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

घरी ओटीवर जनूकाका बसला होता. वडील गेल्यापासून गावकीच्या बैठकीत या घराचा माणूस म्हणून चुलताच बसायचा. गावकी म्हणजे घरटी एक पुरुष, देवळात मांडी घालून. बायका बाहेर पायऱ्यांवर. प्रमुख तीनदा विचारणार, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही की ठराव झाला. मतं मोजायची पद्धत नव्हती, कधी लागलीच नव्हती.

“मी अर्ज काढते असं तुम्हाला कोणी सांगितलं, काका?”

“सांगायचं काय त्यात? सोमवारी बैठक झाली. तीनदा इचारलं. हरकत कोणाचीच नाय.”

“मी पेणला होते.”

“मी होतो ना तुमच्या घराचा.”

“मग तुम्ही काय बोललात?”

“मी काय बोलनार? गप बसलो. गप बसलं की झालं.”

“म्हणजे माझ्या वतीने तुम्ही गप बसलात.”

“व्हय,” काका म्हणाला. कर्तव्य पार पाडल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

प्रणिताने पायातली चप्पल ओटीखाली भिरकावली. “आणि नाय काढला तर?”

“तर काय? वाळीत बिळीत नाय टाकत कोण. कायदा हाय आता, तुला ठाव हाय.” काकाने तंबाखू तळहातावर घेतली. “पण अपेक्षाचं लगीन हाय पुढल्या महिन्यात. गावकीची भांडी कल्हईला द्यायची हायत म्हनतात. आन् आपली पोरं, कंपनीत त्या दिवशी समद्यांचीच शिफ्ट लागायची.”

तळकोंडातलं लग्न गावकीच्या टोपांत शिजायचं आणि गावकीच्या हातांनी वाढलं जायचं. मांडव घालायला, पाणी भरायला कोणाला बोलवावं लागत नसे. न येणं हीच शिक्षा होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती.

अपेक्षा आतून आली. तिची धाकटी बहीण. हात पिठाने माखलेले.

“तुझ्या लोकशाहीत माझं लगीन कशाला घालतेस गो?”

“मी घालते? हे घालतायत!”

“शेठ वाईट माणूस नाय गो,” वाल निवडता निवडता आई म्हणाली. आईचा आवाज कधी चढत नसे. “तुझे बाबा कंपनीत कामावर असताना वारले तवा गाडी कोणी धाडली? सरण पेटेपर्यंत उभा होता.”

हेच तर प्रणिताला सोसत नव्हतं. शेठची गाडी खरी होती. भर उन्हात उभे राहिलेले शेठ खरे होते. पेणला एम.ए.च्या वर्गात फरझाना मॅडम लोकशाही आणि पक्ष शिकवायच्या. लोकांना खूश ठेवून राज्य करणारा पुढारी लबाडच असतो असं समजू नका, म्हणायच्या. तो कामं करतो. फक्त हळूहळू ‘लोक माझ्याबरोबर आहेत’चं ‘लोक म्हणजे मी’ होतं, आणि मग त्याच्या विरोधात बोलणारा लोकांत मोजलाच जात नाही. वर्गात सगळे हसले होते. प्रत्येकाला आपापल्या गावचा शेठ आठवला होता. महिपतशेठ आजवर तीन पक्ष फिरून आले. दर वेळी बॅनरचा रंग बदलला, फोटो तोच राहिला. “पक्षाचं मला काय सांगू नका, माझा पक्ष म्हंजे माझी माणसं,” असं म्हणायचे, आणि टाळ्या पडायच्या. गाव बिनविरोध करा, देवळाला सभामंडप देतो, हा त्यांचा यंदाचा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॅडमना फोन केला. “काय करू, सांगा.”

“मी सांगायचं? मग तुझ्या शेठमध्ये आणि माझ्यात फरक काय गं?” मॅडम हसल्या. त्या हसण्याचाही तिला राग आला.

रोह्याच्या तहसील कचेरीत काका तिच्याआधी पोचला होता. माघारीचा अर्ज भरून आणलेला. फक्त सही बाकी.

“कर गो. दोन रेघा मारायच्या.”

प्रणिता बाकड्यावर बसली. तोंड उघडलं तर एकतर किंचाळेन नाहीतर रडेन, हे तिला कळत होतं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले. कागद मांडीवर ठेवला. काका अपेक्षाबद्दल बोलला, तिच्या सासरच्यांबद्दल बोलला, गावाच्या नाकाबद्दल बोलला. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“मग? आता तर हरकत नाय ना?”

ती गप्प.

“बोल. नाय ना?”

ती गप्पच.

काकाचा चेहरा सैल झाला. तो उठून व्हरांड्यात गेला आणि त्याचा फोनवरचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. “शेठ, ऐकली पोरगी. नाय, काय बोलत नाय. एकदम गप हाय. करा तुमी सुरू.”

प्रणिताला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. आयुष्यभर देवळात बसलेल्या या माणसाला दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. आता उठून, काका, तुमचं चुकतंय, एवढं म्हणायला हवं होतं. ती उठली नाही.

काकाने आत येऊन फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे फटाके वाजत होते.

“बाळा, शाब्बास,” शेठचा आवाज बापासारखा मऊ होता. “माझ्याशी भांड तू, हक्काने भांड. पण गावाशी कशाला भांडायचं? तुझ्यासारख्या पोरींमुळेच गाव एक राहतो. पुढल्या टायमाला तुझं बघू.”

गाव म्हणजे कोण कोण, शेठ? मी त्यात कधी होते? हा प्रश्न तिच्या दातांमागे आला आणि तिथेच राहिला. तिने फोन परत दिला. शेजारच्या टेबलावर काका कोणाला तरी पेढ्याचं दुकान विचारू लागला.

तीन वाजून गेल्यावर कारकुनाने खिडकी लावली आणि थोड्या वेळाने भिंतीवर कागद चिकटवला. तळकोंड, सरपंच. उमेदवार दोन.

काकाने तो कागद दोनदा वाचला. “अगो, माघारीचा अर्ज कुठं दिलास?”

“दिला नाय.” कागद अजून तिच्या मांडीवर होता, कोरा सहीपुरता.

“पन तू तर गप होतीस!”

“व्हय.”

“मी तुला धा वेळा इचारलं!”

“इचारलंत. मी गप बसले. इथे गप बसलं की अर्ज राहतो, काका.” तिचा आवाज अखेर फुटला, बाकड्यावरची माणसं वळून बघू लागली. “आणि माझ्या वतीने परत कधी गप बसू नका. बोलायचं असेल तर बोला, शिव्या द्या. गप बसायचं ते माझं मी बसेन!”

काकाने मोटारसायकल काढली आणि तिला न घेता गेला.

ती वडापच्या जीपने घरी पोचली तेव्हा रस्त्यावर फटाक्यांचे लाल कपटे पडले होते आणि ओट्यांवरची माणसं तिला बघून बोलायची थांबत होती. आई चुलीपाशी होती.

“टेम्पो भरून भांडी गेली,” आई म्हणाली. “कल्हईला.” मग निखारे सारखे करत विचारलं, “मला एवढं सांग. निवडून आलीस तर करशील काय?”

प्रणिताकडे दोन वर्षांच्या अभ्यासाची उत्तरं होती. त्यातलं एकही या चुलीपाशी सांगण्यासारखं वाटेना. “बाया आत बसतील. आणि एकेकीचं नाव घेऊन इचारायचं, हरकत हाय का.”

“मला इचारलं असतं तर मी बोलले असते, काढ अर्ज.”

“मग तसं बोलायचं होतंस.”

“बोलले असते,” आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला होता. “पण इचारलं कोणी?”

“मला पण नाय इचारलं.” अपेक्षा दारात उभी होती, डोळे सुजलेले. “गावकीने नाय, काकाने नाय. आन् अर्ज भरलास तवा तू तरी कुठं इचारलंस? लगीन माझं हाय.”

प्रणिताने उत्तर द्यायला तोंड उघडलं. दिवसभराचा राग तिच्या जिभेवर तयार होता, पण तो या मुलीवर टाकण्यासारखा नव्हता. ती भिंतीला टेकून खाली बसली.

“आता इचारते,” ती म्हणाली. “तुझी हरकत हाय?”

“हाय,” अपेक्षा म्हणाली आणि तिच्यासमोर येऊन बसली. “लय हाय. ऐक आता, मधे बोलू नको.”