शंकुण्णींनी वाटलेली पाकिटं

शंकुण्णींना सगळा गाव एट्टन, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतो. आयुष्यभर ते चालक्कुडीच्या बसवर कंडक्टर होते. सुट्टे नसल्याने कुणाचा रुपया राहिला, तर दुसऱ्या दिवशी शोधून परत करायचे. निवृत्त झाल्यावर आमच्या आठ गावांच्या वाचनालयांनी बुद्धिबळ स्पर्धेची तिजोरी त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. खेळ त्यांना बेताचाच यायचा. पण पट फाटले, घड्याळं बंद पडली, की दारोदार फिरायचे तेच. "पैसे नसतील तर फणस द्या, मी विकतो," म्हणायचे, आणि खरंच विकायचे.

त्या वर्षी कौलांच्या कारखान्याचे मालक लोनप्पन यांनी मोठी देणगी दिली. अट एकच, त्यांच्या गावाशी खेळणाऱ्या प्रत्येक संघाला दोन हजार प्रवासखर्च द्यायचा. एट्टन हरखले. बायकोला म्हणाले, "सरोजिनी, आता पोरं उपाशीपोटी खेळणार नाहीत बघ."

पाकिटं घेऊन ते स्वतः सायकलवरून गावोगाव गेले. "बसची तिकिटं जपून ठेवा हं, हिशेबाला लागतात," असं प्रत्येक कप्तानाला बजावायचे. कप्तान हसायचे. एट्टनना वाटायचं, आपली कंडक्टरकी सुटत नाही म्हणून हसतात.

लोनप्पन यांच्या गावचा संघ जिंकत सुटला. पहिल्या पटावर त्यांचा मुलगा जोबी. शेवटचा सामना आमच्या वाचनालयात झाला. जोबीसमोर देवस्सी बसला होता, एट्टनांचा शाळेपासूनचा मित्र. तालुक्यात त्याच्या तोडीचा खेळाडू नाही. डाव त्याच्या मुठीत होता. त्याने वजीर उचलला, सरळ घोड्याच्या तोंडी दिला, आणि खिडकीबाहेर बघत बसला. जोबीसुद्धा क्षणभर गांगरला.

बाहेर चहाच्या टपरीवर शेजारच्या गावच्या कुंजुमोनने एट्टनांच्या पाठीवर थाप मारली. "आम्हीही त्याच भावात हरलो हो! पण तुम्ही तिकिटं मागायचात ना, हसून हसून पोट दुखायचं."

एट्टन चहा तसाच टाकून देवस्सीकडे गेले.

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच होतं रे."

"मला नव्हतं."

"तुला सांगितलं असतं, तर तू पाकिटं वाटली असतीस?"

"नाही."

"मग? अरे, तू घेऊन आलास म्हणून तर कुणी बोट दाखवलं नाही. तुझ्या हातचा पैसा म्हणजे धुतलेला."

हे तो कौतुकाने म्हणाला.

वार्षिक सभेत त्यांनी जमाखर्च वाचला. पट, घड्याळं, दिवाबत्ती. मग म्हणाले, "सात संघांना चौदा हजार, हरण्याबद्दल."

एकच गलका झाला. चिटणीस परमेश्वरन मास्तर उठले. "शंकुण्णी, तिथे प्रवासखर्च लिही. पुढच्या वर्षीची देणगी यायचीय. आठ गावांची पोरं खेळतात त्यावर."

तेही खोटं नव्हतं. मास्तरांनी हात वर करायला सांगितले. भराभर हात वर गेले. देवस्सीचा सगळ्यांत शेवटी, तोही अर्धाच. पण गेला.

एट्टनांनी पैशांची पेटी टेबलावर ठेवली. "बसमध्ये मी कुणाला फसवलं नाही. तुम्ही मात्र माझ्याच हाताने तिकिटं फाडून घेतलीत," म्हणाले, आणि चपला घालून घरी गेले. त्यांच्या मागोमाग कुणी उठलं नाही.

स्पर्धा जोरात चालू आहे. नवे पट आले, सामन्यानंतर परोटा आणि रस्सा मिळतो. खजिनदार आता लोनप्पन यांच्या कारखान्यातला एक कारकून आहे.

देवस्सी अजून कधीकधी रविवारी एट्टनांकडे येतो. सरोजिनी कोरा चहा देते. मिरीचा भाव, कुणाचं लग्न, असं बोलणं होतं. एकदा त्याने चाचरत विचारलं, "एक डाव टाकायचा का?"

"कशाला?" एट्टन म्हणाले. "जिंकलो तर मी जिंकलो की तू हरलास, हे मला आता कळायचं नाही."

देवस्सीने उरलेला चहा संपवला. येणं त्याने थांबवलं नाही. पट मात्र आणत नाही.