नसलेल्या पायाचं तेल

शुगरमुळे बाबांचा डावा पाय कापावा लागला. आमच्यात असा पाय जाळत नाहीत, म्हणून मी तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरला. तरी त्याच पायाची बोटं त्यांना ठणकायची. डॉक्टरांनी भांगेच्या पानांचं तेल लिहून दिलं. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटसुलट पाहिली, जणू मी चोरच, आणि "असलं ठेवत नाही" म्हणाला. शेगावच्या आयुर्वेदिक दुकानात बाटली लगेच मिळाली, पण सगळं ऐकून दुकानदारानं विचारलं, "पाय कुठं पुरला?"

"तुमाले काय करा लागते?" मी तडकलो.

"दोन थेंब तिथंबी टाका."

मूर्खपणाच! तरी परतताना धुऱ्यावर थेंब टाकून माती चोळली. घरात शिरलो, तर खाटेवरून बाबा कुरकुरले, "तुहा हात लय थंडा हाय बे."