मेरीबाईची फुली

माझं अक्षर किरटं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले मी. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. सुमनमावशींबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मावशी इथे अमेरिकेतल्या डब्लिन गावात डॉक्टर होत्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जायचे. त्यांची सून अमेरिकन. निवृत्त झाल्यावर नातवंडांसाठी त्या सुनेच्या पूर्वजांचा शोध घेऊ लागल्या. नोंदणी कचेरीत जाताना सोबतीला मला न्यायच्या. जमिनीचं जुनं खत समोर आलं की आधी शेवटच्या ओळी बघायच्या. "पुरुष वरच सापडतात गं. बायको तळाला असते."

म्हणायच्या, "इथे नवरा गेला की त्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा बायकोला हयातभर मिळायचा. म्हणून जमीन विकताना, गहाण टाकताना तिनं हक्क सोडल्याची सही लागायची. अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारायचा, खुशीनं करतेस ना?"

सुनेची खापरपणजी मेरी. तिला लिहिता येत नव्हतं. गहाणखतावर तिच्या नावाशेजारी नुसती फुली. मावशी त्या फुलीवर बोट ठेवून विचारायच्या, "मेरीबाई, खरंच खुशीनं केलीस का गं?" आणि वाट बघायच्या, आतून उत्तर येणार असल्यासारखी. पुढच्या खतावर नवरा तोच, पण बायको सारा. "म्हणजे मेरी या दोन कागदांच्या मधे गेली," मावशी हळूच म्हणाल्या. तिचं थडगं कुठेच सापडलं नाही. पुढे कितीतरी दिवस पोळ्या लाटताना मला पिठात ती फुली दिसायची.

मग ह्यांनी किराणा दुकानासाठी घर गहाण ठेवायचं ठरवलं. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर. तरी माझी सही हवी होती, कारण तो जुना कायदा आमच्या राज्यात अजून आहे. "नुसती सही तर करायची," हे म्हणाले. कागद समजून घ्यायला आम्ही मावशींकडे गेलो.

"दत्ता, तू जरा गाडीत जाऊन बस," मावशी म्हणाल्या.

"अहो मावशी, माझ्यासमोर विचारा की!"

"तुझ्यासमोर ती होच म्हणेल. ऊठ."

दार लागलं. "आता सांग. खुशीनं करतेस?"

मला रडूच फुटलं. बावीस वर्षांच्या संसारात असं कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "दुकान बुडालं तर मी कुठे जाऊ? आधी घराला माझं नाव लावू देत. मग करते."

"हे मला काय सांगतेस? त्याला सांग."

मी गाडीपाशी जाऊन सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. हे चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मला वकिलाकडे घेऊन गेले. घराला माझं नाव लागलं, मग मी सही केली.

त्याच हिवाळ्यात मावशी गेल्या. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "मेरीला अधूनमधून विचारत जा गं. तिला आता कोण आहे?"

दुकान चाललं. गेल्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं, ते लेकीनं वाचून दाखवलं. घरात कुणी नसताना मी जुनं गहाणखत काढलं. माझ्या वेड्यावाकड्या सहीवर बोट ठेवून मावशींसारखंच विचारलं. "हो," मीच म्हणाले. मग मेरीबाईंना विचारलं आणि बराच वेळ थांबले.

त्यांचं उत्तर येत नाही. आमचं कर्ज मात्र पूर्ण फिटलं.