रेषेला शिवलेले बाण

जगाच्या पाठीवर कुणीही बाण मारो, तो शेवटी कळस गावी, माझ्या बहिणीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे तात्यांच्या दारावर येऊन लागतो. दार म्हणजे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं, पत्र्याचं. त्याला काळा रंग देऊन तात्यांनी त्यावर तिरंदाजीचे सगळे जागतिक विक्रम खडूनं मांडलेत. बहात्तर बाण, प्रत्येकाला फार तर दहा गुण, म्हणजे पुरे सातशेवीस. या हिशेबात त्यांचं अख्खं जग बसतं. मोबाईलवर कळलं की कोरियाच्या एखाद्या पोरीनं विक्रम मोडलाय, की तात्या उपरण्यानं जुना आकडा पुसणार, नवा लिहिणार आणि मगच मोटार चालू करणार. तोवर ऊस तहानलेला. “ऑइलपेंटनं लिहा की,” मी एकदा म्हणालो. “खुळं हायसा का पावणं? रेकॉर्ड मोडायलाच असतंय!” इंदापुरातल्या एका लग्नातून हात धुऊन बाहेर पडताना त्यांनी भर मांडवात निकाल दिला होता, “जेवान सहाशे नव्वद. नवरदेव पाचशेच्या आतच.” नवरदेवाचे मामा आमच्या मागंच उभे होते.

तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. स्वतःच्या उसाची गाडी आली आणि काटा दोन आकड्यांमध्ये थरथरला, तर खालचाच आकडा लिहायचे. घरच्याला झुकतं माप नाही. हाच न्याय त्यांनी लेकीला लावला. ती रोज संध्याकाळी खळ्यावर सराव करायची. तिनं धनुष्यापाशीच थांबायचं. सत्तर मीटर चालत जाऊन बाण उपटायचं आणि गुण ओरडून सांगायचं काम तात्यांचं. बारामतीच्या तिच्या कोचनं सांगितलं होतं, घरचा सराव सहाशेवर गेला की निवड चाचणीला नाव पाठवू. नावं द्यायच्या शेवटच्या दिवशी तात्या टार्गेटपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, “पाचशे शहाण्णव.” तिनं धनुष्य सुटं करून पेटीत ठेवलं. ते पुन्हा निघालं नाही. आता ती बारामतीच्या एका शाळेत भूगोल शिकवते.

गेल्या वर्षी तात्या आणि मी चहा घेत मोबाईलवर एक आंतरराष्ट्रीय सामना बघत होतो. एक पंच टार्गेटपाशी गेला, भिंग लावून वाकला आणि त्यानं नऊचे दहा केले. “लबाड हाय ह्यो! बाण रेषेवर हाय, आत कुठं हाय?” तात्या कडाडले. त्यांना खोटं पाडायची संधी मी सोडतो होय? तिथल्या तिथं नियम शोधला आणि नाटकी आवाजात वाचला, “बाण रेषेला नुसता शिवला, तरी वरचा गुण द्यावा.” टाळी द्यायला हात पुढे केला. तात्यांनी कप खाली ठेवला. “रेषेला... शिवला तरी?” एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले. पुढं केलेल्या हाताचं काय करावं, मला कळेना.

आठवड्यानं गेलो तर ते तिची जुनी कागदी टार्गेटं बाजेवर पसरून, भिंग घेऊन बसले होते. शेवटच्या दिवसाचं टार्गेट माझ्यापुढं धरलं. “सहाशे सात हुती, पावणं. रेषेवरची अकरा मीच कापली.”

दिवाळीला लेक आली. दारावर विक्रमांच्या खाली पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये ६०७ लिहिलेलं. “ह्यो कुणाचा रेकॉर्ड, तात्या?”

“तुझा. शेवटच्या दिसाचा. रेषेवरच्या बाणास्नी मी खालचाच गुण दिला हुता.”

ती बराच वेळ आकड्यावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “आता वाढवून तर न्हाय ना लिवलं?”

“एकबी न्हाय वाढवला!” तात्या खवळले. “भिंग लावून बघितलंय!”

ती हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

पाडव्याला सकाळी मोबाईलवर नव्या विक्रमाची बातमी आली. तात्या उपरणं घेऊन दाराशी गेले, खडूचे आकडे पुसू लागले. ऑइलपेंट उपरण्यानं जात नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. तरी सहाशे सातपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला आणि हळूच वळसा घालून पुढं गेला.