दोन पानांमधला गोंद

मी निघाले त्या सकाळी आमच्या वरळीच्या चाळीतला सगळा मजला खाली उतरला होता. टॅक्सी सुरू झाली तेव्हा बाबांनी खिडकीतून माझ्या हातात गोंदाची बाटली दिली.

"पोरगी पीएचडीला चाललीय, आणि तुम्ही गोंद कसला देताय?" आई म्हणाली.

बाबा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आयुष्यभर आवक-जावकच्या टेबलावर बसले. "साहेब लोक फाईल न उघडता शेरा मारतात," ते मला म्हणाले. "दोन पानांमध्ये गोंदाचा टिपका लाव. परत आल्यावर पानं चिकटलेलीच असली, तर वाचलेलं नाही. मग लेखी दे. तोंडी बोललेलं हवेत जातं."

उत्तरेतल्या त्या विद्यापीठात माझ्या गाइडनं पहिल्याच भेटीत आडनाव दोनदा विचारलं. बाकीच्यांच्या प्रबंधाची प्रकरणं ते त्यांना समोर बसवून वाचत. माझं प्रकरण ऑफिसात ठेवायचं असे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आप लोगों को एडमिशन मिल जाता है, लिखना थोड़े ही आ जाता है." सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं.

तिसऱ्या प्रकरणात, चौदाव्या आणि पंधराव्या पानामध्ये, मी टिपका लावला. महिन्याभरानं प्रकरण परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, दर्जा नाही. पानं चिकटलेलीच होती.

मी विद्यापीठाच्या तक्रार समितीला लेखी दिलं. आडनाव, ते वाक्य, गोंद, सगळं लिहिलं. समितीत तिघं होते. अध्यक्षबाईंनी ती दोन पानं उजेडात धरली आणि शांतपणे विचारलं, "आपने अपने गाइड का इम्तिहान लिया?" त्यानंतर आडनावाचा विषय निघालाच नाही. चौकशी माझीच झाली. हसलेल्यांपैकी कुणालाही ते वाक्य आठवेना. शेवटी, गाइडवर अविश्वास दाखवल्याबद्दल मी माफी लिहून दिली. तीही लेखी.

रविवारी बाबांचा फोन आला. "निकाल?"

"आपल्या बाजूनं लागला," मी म्हणाले.

बाबांनी मजलाभर पेढे वाटले. अभ्यासाला बसणाऱ्या प्रत्येक पोराला ते गोंदाची गोष्ट सांगू लागले. शेवटच्या खोलीतल्या प्रज्ञानं ती दहावीत ऐकली, एमएपर्यंत लक्षात ठेवली, आणि त्याच विभागात पीएचडीला प्रवेश घेतला. तिलाही बाबांनी बाटली दिली. तेव्हा मी तिला अडवू शकले असते. मी अभिनंदनाचा मेसेज पाठवला.

मी तर विद्यापीठ केव्हाच सोडलं होतं. बंगळुरात एका कंपनीत लोकांचे इंग्रजी अहवाल तपासते, डेडलाइन सांभाळते. घरी मात्र नोकरी करता करता माझी पीएचडी 'चालू' होती. सुट्टीत चाळीत आले की गॅलरीत बाया म्हणत, "हीच ती, साहेबाला नमवलेली." मी मान खाली घालायचे. त्यांना तो विनय वाटायचा.

गेल्या महिन्यात बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची पेटी आवरत होते, तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. हात गुंतले होते, म्हणून स्पीकरवर टाकला.

"ताई, काकांचं कळलं. मला येता आलं नाही. माझीही पानं चिकटलेलीच आली. सकाळीच अर्ज दिला. त्यात तुमच्या निकालाचा दाखला दिलाय."

स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी असलेली आई म्हणाली, "सांग तिला, तुझ्या वेळी कसं झालं ते."

मी सांगितलं. गॅलरीत गेले नाही, आवाजही कमी केला नाही. माफीची दोन वाक्यं मला पाठ आहेत, तीही म्हणून दाखवली. गाइडचं नाव आणि समितीचे तिघं कोण, तेही सांगितलं.

प्रज्ञानं विचारलं, "हे काकांना माहीत होतं?"

"नाही."

"आणि मला मात्र जाऊ दिलंत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

आई भाकरी थापायची थांबली होती. बाबांच्या फोटोकडे तिनं एकदा पाहिलं. "बरं झालं, ते आधी गेले," ती म्हणाली, आणि पुन्हा थापू लागली.

जगात एकच खोली होती जिथे मी जिंकले होते, चाळीतली आमची. घर म्हणजे माझ्यासाठी तेवढंच उरलं होतं. बंगळुरातून रविवारी फोन करते. आई उचलते, जेवलीस का विचारते, आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवून देते.