राखेत उकडलेली कळलावी

आमच्या नवसूकाकाला एक प्रश्न विचारला, तर तो चार उत्तरं देतो आणि पाचवं जाता जाता. डोळखांबच्या वरच्या पाड्यावर आमची घरं शेजारी-शेजारी, त्यामुळे मला सगळी ऐकावी लागतात. कंदांबद्दल त्याचं ठाम मत होतं, की राख घालून उकडलं की कुठलाही कंद खाता येतो. कडू करांदे आम्ही तसेच करतो, हे खरं. पण काकाला करांद्यावर थांबता येत नाही.

कणगर या गोड रानकंदाचे वेल दिवाळीनंतर वाळून जातात, मग कंद नेमका कुठे ते कळत नाही. म्हणून वेल हिरवा असतानाच शेजारच्या झुडपाला चिंधी बांधायची आमची रीत. काकाने बांधल्या. त्याच रानात सरूकाकीनेही बांधल्या, पण कळलावीला. लाल-पिवळ्या फुलांचा हा वेल, पानाचं टोक शेपटीसारखं वळलेलं. त्याचा कंद जीव घेतो. कुणी चुकून खणू नये म्हणून काकीची ती खूण. चिंध्या मात्र दोघांनीही तिच्या एकाच जुन्या निळ्या लुगड्याच्या फाडल्या होत्या. एकमेकांना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

माघात त्यांच्या लेकीला, जनाला बघायला टोकावड्याचे पाहुणे येणार होते. काकाने सकाळीच चिंधी बघून कंद खणले, तुकडे केले, राख घालून उकडायला ठेवले. काकी पाणी घेऊन आली आणि टोपात डोकावली. एक कंद अख्खाच राहिला होता, गुळगुळीत, दोन फाट्यांचा.

"अवो, ही कळलावी हाय!"

"राख घातलीय ना गो? मंग काय व्हतंय?"

"राखेनं कडू जातं. इष नाय जात!"

तिने खड्डा खणून टोपासकट सगळं पुरलं.

पाहुणे आले. काका गप्प. मुलाचे वडील सोमा म्हणाले, "मानूस शांत हाय." दुपारी शांत माणूस ओकायला लागला. आपला शब्द खरा करायला, काकी खड्डा खणत असताना त्याने टोपातला एक तुकडा गिळला होता. मला त्याचा इतका राग आला की रडूच आलं.

सोमांनी आपल्या गाडीतून त्याला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. हे विष उकळून जात नाही, डॉक्टरांनी सांगितलं. थोडं जास्त पोटात गेलं असतं तर माणूस हाती लागला नसता. काकी उशाशी बसून आळीपाळीने रडत होती आणि शिव्या देत होती. काका वाचला, पण त्या विषाने पंधरा दिवसांत डोक्यावरचे केस सगळे गेले.

सोमा घरी भेटायला आले. काकाच्या टकलाकडे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"पावन्यांच्या पानात वाढायच्या आदी सोता खाऊन बघितलं. असा व्याही कुटं मिळतो? सोयरीक पक्की!"

"नाय ओ, मी तर..." काकाने तोंड उघडलं.

काकीने त्यात पेजेचा चमचा कोंबला.

"गिळा गप," ती म्हणाली, "ही मी शिजवलीय."